तक्त्यावर सहा बाय सहा!

नेत्रवैद्याच्या खोलीत समोरच्या भिंतीवर एक तक्ता असतो. वर एक ठसठशीत अक्षर आणि खाली क्रमाक्रमाने बारीक होत गेलेल्या ओळी. हर्मान स्नेलन या डच वैद्याने १८६२ साली तो तयार केला आणि तेव्हापासून माणसाच्या दृष्टीचा निवाडा त्याच्यावरच होत आला आहे. सहा मीटरवरून जे दिसावयास हवे ते सहा मीटरवरून दिसले, की दृष्टी ‘सहा बाय सहा’. तेवढी नोंद कागदावर झाली की डॉक्टर समाधान पावतात आणि रुग्णानेही समाधान मानावे अशी अपेक्षा असते. परंतु माणूस आपले आयुष्य त्या खोलीत काढीत नाही. तो पावसाळी रात्री दुचाकीवरून घरी परततो, वातानुकूलित कचेरीत आठ-आठ तास संगणकाच्या पडद्याकडे पाहतो, तिन्हीसांजेला देवघरातल्या समईसमोर हात जोडून उभा राहतो. तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचणाऱ्या या माणसाला समईच्या ज्योतीभोवती धुरकट कडे दिसत असेल, समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याला किरणांचे काटे फुटत असतील आणि सकाळी पापणी उघडताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटत असेल, तर त्याला काय म्हणावे? चष्मा घालविण्यासाठी लेसर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या काही लोकांच्या वाट्याला नेमके हेच आले आहे. ही माणसे आंधळी नाहीत, म्हणून त्यांची कणव कोणाला येत नाही. आणि ती सुखीही नाहीत, हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्यांच्याविषयी लिहिणे म्हणूनच आम्हाला अगत्याचे वाटते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या शस्त्रक्रियेविरुद्ध मोहीम उघडण्याचा आमचा हेतू नाही. ती विज्ञानाची एक खरीखुरी करामत आहे आणि तिच्या उगमाशी आपल्याच देशात जन्मलेल्या एका संशोधकाचे नाव आहे. मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी जेम्स वाइन व सॅम्युअल ब्लम यांना १९८१ साली अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत असे आढळले, की एक्सायमर लेसरचा अतिनील किरण सजीव पेशीजालाचा अत्यंत पातळ थर आजूबाजूचा भाग न भाजता काढून टाकतो. हा प्रयोग त्यांनी सणाच्या मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर केला होता! १९८३ साली नेत्रशल्यविशारद स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या साहाय्याने तोच किरण डोळ्यासाठी वापरण्याची दिशा दाखविली. पुढे १९९० च्या सुमारास ग्रीसमधील इओआनिस पालिकारिस यांनी आज ‘लेसिक’ म्हणून ओळखली जाणारी पद्धती पुढे आणली. श्रीनिवासन व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांचा २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते गौरव झाला, तो सर्वथा योग्यच होता. जगभर या शस्त्रक्रियेने लक्षावधी लोकांचा चष्मा सुटला आणि त्यांतील बहुसंख्य लोक समाधानी आहेत, हे सत्य नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा, आणि त्यांच्याविषयी पाळल्या जाणाऱ्या मौनाचा.

या शस्त्रक्रियेत नक्की काय केले जाते, हे आधी समजून घेतले पाहिजे. बुब्बुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, त्याची मध्यभागी जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ५४० मायक्रॉन असते. लेसिकमध्ये या पडद्याचा शंभर ते दीडशे मायक्रॉन जाडीचा वरचा पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा बाजूला दुमडतात, खालचा थर लेसरने चष्म्याच्या नंबराच्या मानाने झिजवितात आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवितात. उणे सहा नंबर असल्यास झिजविण्याचा भाग साधारणतः सत्तर ते नव्वद मायक्रॉन भरतो. काम काही मिनिटांत आटोपते, दुखत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे घड्याळ चष्म्याविना स्पष्ट दिसते. ज्याने जन्मभर उशाशी चष्मा चाचपला आहे त्याला तो चमत्कारच वाटावा, यात नवल नाही.

मात्र त्या पापुद्र्याबरोबर आणखी काही कापले जाते, ते सहसा सांगितले जात नाही. कॉर्निया हा आपल्या शरीरातील सर्वाधिक मज्जातंतू असलेल्या अवयवांपैकी एक आहे. धुळीचा एक कण सहन होत नाही, तो याच तंतूंमुळे. आणि डोळा कोरडा पडू लागला आहे, आता अश्रू पाठवा, असा निरोप मेंदूकडे नेतात तेही हेच तंतू. ते तुटले की निरोप थांबतो आणि डोळा सुकतो. तंतू पुन्हा वाढतात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षे लागतात. पुष्कळांचा कोरडेपणा सहा महिने ते वर्षभरात ओसरतो, थोड्यांचा ओसरत नाही. काहींच्या बाबतीत वाढलेले तंतू जणू बिथरलेले असतात. डोळ्याच्या पृष्ठभागावर तपासणीत काहीही दिसत नाही, तरी आत आग होते, टोचते, वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही. वैद्यकशास्त्राने या मज्जातंतुजन्य वेदनेची दखल उशिराच घेतली. ती घेतली जाईपर्यंत असे दुखणे घेऊन आलेल्यांना ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे उत्तर मिळत होते, आणि काही ठिकाणी ते आजही मिळते.

दुसरी तक्रार रात्रीची. अंधारात बाहुली विस्फारते आणि झिजविलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत येऊ लागतो. त्यामुळे दिव्यांभोवती कडी दिसतात, किरणे फुटतात, एका अक्षराची दोन अक्षरे होतात. दिवसा निर्धास्त असलेला माणूस सूर्यास्तानंतर गाडी काढावयास कचरतो. आपल्या राष्ट्रीय महामार्गावर समोरून येणाऱ्या वाहनांचे प्रखर दिवे धडधाकट डोळ्यांनाही दिपवितात. मग पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर अशा माणसाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. तिसरी तक्रार क्वचित उद्भवणारी, पण सर्वांत गंभीर. झिजवून पातळ झालेला पडदा डोळ्याच्या आतील दाबापुढे हळूहळू पुढे फुगू लागतो आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, मिळविलेली दृष्टीच विरूपू लागते. जन्मतःच ज्यांचा कॉर्निया दुबळा असतो त्यांना हा धोका अधिक. पापुद्रा न कापणाऱ्या नव्या पद्धती आता आल्या आहेत व त्यांचे काही लाभही आहेत. परंतु धोका समूळ नाहीसा करणारी पद्धती अद्याप निघालेली नाही.

या साऱ्याकडे दुर्लक्ष कसे होते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तेथील अन्न व औषध प्रशासनाने चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी एक्सायमर लेसरला प्रथम मान्यता दिली ती १९९५ साली, आणि लेसिकसाठी १९९८ पासून. त्यानंतर दहा वर्षांनी, एप्रिल २००८ मध्ये, त्याच प्रशासनाला या शस्त्रक्रियेविषयी जाहीर सुनावणी घ्यावी लागली. ज्यांची दृष्टी कागदोपत्री उत्तम होती अशा माणसांनी तेथे उभे राहून आपली नोकरी, झोप आणि मनःशांती कशी गेली ते सांगितले. एका पित्याने तर शस्त्रक्रियेनंतर खचून गेलेल्या आणि अखेर आत्मघात केलेल्या मुलाची व्यथा मांडली. आत्मघातामागे सहसा एकच कारण नसते, हे खरे. पण दीर्घकाळच्या वेदनेवर कोणी विश्वासच ठेवू नये, यासारखे माणसाला खचविणारे दुसरे काय असते? मान्यतेच्या काळी त्या प्रशासनात ज्यांनी जबाबदारीच्या पदावर काम केले होते त्या मॉरिस वॅक्सलर यांनी २०११ साली ती मान्यताच मागे घ्यावी असा अर्ज केला. प्रशासनाने तो मान्य केला नाही. सरसकट बंदी हा उपाय नव्हे असे आम्हालाही वाटते. परंतु मान्यता देणाऱ्या यंत्रणेतील माणसाला पश्चात्ताप व्हावा, ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही.

त्या सुनावणीचे एक चांगले फलित म्हणजे पुढे झालेला अभ्यास. अमेरिकन नौदलातील व नागरी जीवनातील मिळून पाचशेहून अधिक व्यक्तींना शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर सविस्तर प्रश्नावली देण्यात आली आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आधी दृष्टीविषयी असा कोणताही त्रास नव्हता त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनंतर दिव्याभोवतीची कडी, चकाकी यांपैकी निदान एक तरी नवा त्रास जाणवला. ज्यांचे डोळे आधी कोरडे नव्हते त्यांतील सुमारे २८ टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा आला. मात्र या त्रासामुळे रोजचे व्यवहार फार अवघड वा अशक्य झाले, असे सांगणारे एक टक्क्याहूनही कमी निघाले, आणि ९५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपल्या दृष्टीविषयी समाधान व्यक्त केले. काहींचे पूर्वीचे त्रास शस्त्रक्रियेने कमीही झाले. दोन्ही बाजूंचे हे आकडे एकत्रच वाचले पाहिजेत. पहिल्या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, तसेच शेवटच्या आकड्याचा डंका पिटून पहिले आकडे झाकण्याचाही कोणाला अधिकार नाही. एक टक्क्याहून कमी हे प्रमाण लक्षावधी शस्त्रक्रियांना लावले तर हजारो माणसे होतात.

परंतु या अभ्यासातील आम्हाला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट निराळीच आहे. आपले त्रास प्रश्नावलीत लिहिणाऱ्यांचे प्रमाण ते आपल्या डॉक्टरांना सांगणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. माणसे कागदाशी बोलली, डॉक्टरांशी बोलली नाहीत! मग डॉक्टर प्रामाणिकपणे ‘माझ्या रुग्णांची काही तक्रार नाही’ असे म्हणत असतील, तर त्यांनाच संपूर्ण दोष कसा द्यावा? ही स्थिती अमेरिकेतली. आपल्याकडे तर डॉक्टरांसमोर तोंड उघडणे म्हणजे उपमर्द असे मानण्याची जुनी रीत आहे.

शिवाय आपल्या समाजात या मौनाला आणखी एक कारण आहे. मूत्रपिंडाची वा हृदयाची शस्त्रक्रिया बिघडली तर सारे गाव हळहळते. लेसरची शस्त्रक्रिया मात्र निकडीची नव्हे, हौसेची मानली जाते. ‘चष्मा होता की चांगला, कोणी सांगितले होते नसते उपद्व्याप?’ हे वाक्य अशा रुग्णाला घरच्यांकडूनच ऐकावे लागते. खरे म्हणजे ते उपद्व्याप त्याला घरानेच सांगितलेले असतात. मुलगी उपवर झाली की तिच्या चष्म्याची काळजी तिच्याहून आईबापांना आणि मावश्या-आत्यांना अधिक. स्थळ सांगून येते, पत्रिका जुळते, आणि ‘चष्मा आहे का हो?’ असा प्रश्न हळूच विचारला जातो. नोकरीच्या काही जागांसाठी चष्म्याशिवायच्या दृष्टीची अट असते, ती निराळी बाब. तेथे निदान कारण तरी समजते. पण चष्मा म्हणजे व्यंग असे मानून निरोगी डोळ्यावर शस्त्र चालविण्यास मुलीला भाग पाडावयाचे आणि पुढे ती डोळे चोळीत रडू लागली की तिलाच बोल लावावयाचा, ही कोणती रीत?

आपल्याकडे अधिक सावध राहण्यास वैद्यकीय कारणही आहे. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांची तपासणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा विकार २.३ टक्के लोकांत आढळला. पडद्याच्या वक्रतेच्या एकाच निकषावर हे अनुमान काढलेले असल्याने त्याविषयी मतभेद होऊ शकतील. तरीही आपल्या लोकांत हा विकार दुर्मीळ म्हणून सोडून देता येणार नाही, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही. हा विकार सुप्तावस्थेत असलेल्या डोळ्यावर लेसर चालविणे म्हणजे पोखरलेल्या वाशावर माडी चढविण्यासारखे आहे. म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढणारी तपासणी, त्याच्या जाडीची मोजणी, अश्रूंची परीक्षा आणि नंबर निदान वर्षभर स्थिर असल्याची खात्री या गोष्टींत कोणतीही काटकसर चालता कामा नये. जो डॉक्टर या तपासण्यांनंतर ‘तुमच्यासाठी ही शस्त्रक्रिया नव्हे’ असे सांगून रुग्णाला परत पाठवितो, तो त्याच्यावर मोठे उपकार करीत असतो. दुर्दैवाने असा डॉक्टर सोडून दुसऱ्या दारी जाणारेही आपल्यात कमी नाहीत.

ज्यांच्यावर हे संकट ओढवलेच आहे त्यांना आमचे सांगणे असे, की निराश होऊ नये आणि गप्पही बसू नये. कोरडेपणावर कृत्रिम अश्रूंपलीकडेही उपाय आहेत. पापण्यांच्या कडेवरील तेलग्रंथींसाठी उबदार शेक, दाह कमी करणारे थेंब, अश्रूंचा निचरा रोखणारी बारीक बुचे, रुग्णाच्याच रक्तद्रवापासून केलेले थेंब, अशी पायरीपायरीने चढावयाची ही वाट आहे. पडदा फुगू लागल्यास जीवनसत्त्वाचे थेंब व अतिनील किरण यांच्या साहाय्याने त्याला बळकटी आणण्याची पद्धती या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध आहे, आणि ती जितकी लवकर केली जाईल तितकी दृष्टी वाचते. विरूपलेली दृष्टी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या खास कडक भिंगांनी बऱ्याच अंशी सुधारते. मज्जातंतूंच्या वेदनेवर वेदनातज्ज्ञांचे साहाय्य घेता येते. डोळे चोळण्याची सवय मात्र कायमची सोडली पाहिजे. आणि मन खचू लागले तर ती दुर्बलता समजून लपवू नये. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे.

आणखी एक सूचना, जी ज्यांना काहीच त्रास नाही त्यांनीही ध्यानात ठेवावी. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची जाडी व वक्रता यांचे कागद सोन्याच्या दागिन्यांप्रमाणे जपून ठेवावेत. पुढे साठीत मोतीबिंदू झाला की डोळ्यात कोणत्या शक्तीचे भिंग बसवावयाचे याचे गणित लेसरनंतर नेहमीच्या रीतीने सुटत नाही, आणि तेव्हा हे जुने कागद मोलाचे ठरतात. तसेच पातळ झालेल्या पडद्यामुळे डोळ्याचा दाब मोजताना तो प्रत्यक्षाहून कमी भरतो आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांना ‘माझी लेसर शस्त्रक्रिया झालेली आहे’ हे विसरू नये असे पहिलेच वाक्य असावयास हवे. चाळिशीनंतर वाचावयास चष्मा लागतोच, हेही आधीच समजून असावे, म्हणजे फसविले गेल्याची भावना राहणार नाही.

आता कर्तव्याचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या प्रकरणात असा दंडक घालून दिला आहे, की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमती हीच खरी संमती. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, डोळ्यांत थेंब घातल्यावर, इंग्रजीत छापलेल्या बारीक अक्षरांच्या कागदावर घेतलेली सही या कसोटीला कशी उतरणार? संमतिपत्र मराठीत आणि कोंकणीत असावे, ते निदान काही दिवस आधी घरी नेऊन वाचावयास मिळावे, आणि त्यात रात्रीच्या कड्यांचा, कोरडेपणाचा व दीर्घ वेदनेचा उल्लेख ठळक अक्षरांत असावा. डॉक्टरांनी जाहिरातीने रुग्ण ओढू नयेत असे २००२ चे वैद्यकीय आचारनियम सांगतात. तरीही ‘दहा मिनिटांत चष्म्यापासून मुक्ती’ अशा धर्तीच्या जाहिराती आणि सणासुदीच्या सवलती पाहावयास मिळतात. डोळा ही काही सेलमध्ये काढावयाची वस्तू नव्हे. सरकारकडे आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस अशा रुग्णांसाठी राखावा, शस्त्रक्रिया कोठेही झालेली असो, त्यांचे ऐकून घ्यावे आणि त्यांची नोंद ठेवावी. वैद्यकीय उपकरणांपासून झालेल्या अपायांची नोंद करण्याची राष्ट्रीय योजना २०१५ पासून अस्तित्वात आहे. तिच्याकडे या नोंदी नियमाने जाऊ लागल्या, तर आपल्याकडील खरे प्रमाण किती हे अमेरिकेच्या आकड्यांवरून ताडत बसावे लागणार नाही.

आणि आपण सर्वांनी? आपण निदान दोन गोष्टी सहज करू शकतो. मुलामुलींच्या नाकावरचा चष्मा हा दोष मानणे सोडून द्यावे. ज्याला तो काढावयाचा असेल त्याने सर्व माहिती घेऊन, स्वतःच्या इच्छेने काढावा. आणि ज्याने तो काढला व ज्याला त्याची किंमत मोजावी लागत आहे, त्याने ‘दिसते, पण त्रास होतो’ असे म्हटले, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. उपचाराची सुरुवात त्या विश्वासापासून होते, आणि त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही.